अंकोट्टक आणि समुद्र

अकोट्याच्या पुलावरून विश्वामित्री पाहताना समुद्र मनात येत नाही. पण हीच नदी ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. अकोट्याच्या मातीत रोमन घडणीच्या सुरईची, इरॉस या प्रेमदेवाची आकृती असलेली, कांस्याची मूठ सापडली. शके 734 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वडपद्रक, म्हणजे आपले बडोदे, अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांतले एक आहे. अशा गावांमागे भडोचचे बंदर उभे होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार पैठणचा माल गाड्यांतून वीस दिवसांची वाट तुडवीत तेथे येई. आपली घराणी गायकवाडांबरोबर आली, हे खरेच. गोदाकाठचा माल मात्र त्याआधी दीड हजारांहून अधिक वर्षे या किनाऱ्याला येत होता. तेव्हा आपला इतिहास सरदारांच्या वाड्यापासून मोजू नका.