नानकटाईची बखर

गेल्या दिवाळीत पुण्याहून माझ्या नातीनं एक डबा पाठवला. वर चिठ्ठी होती : 'आजोबा, स्वतः केल्यात. खाऊन सांगा.' मी खाल्ल्या आणि फोन करून सांगितलं, "नानकटाई छान झालीय."

पलीकडे शांतता. मग थंड आवाजात उत्तर आलं, "आजोबा, ती नानकटाई नाही. कुकीज आहेत."

आता मैदा, साखर, लोणी कालवून, गोळे दाबून भट्टीत भाजले की आमच्या तुळजापुरात त्याला नानकटाई म्हणत. दुसरं नाव आम्हांला ठाऊकच नव्हतं. पण नात रागावली म्हणजे आजोबाला अभ्यास करावा लागतो. मी केला. त्यात असं निघालं की भांडणात आम्ही दोघंही बरोबर होतो. असा निकाल आमच्या घरात आजवर लागलेला नाही, म्हणून तो छापून ठेवावासा वाटतो.

'कुकी' हा शब्द इंग्रजांचा नव्हेच. तो डच लोकांचा. त्यांच्या भाषेत 'कूक्ये' म्हणजे चिमुकला केक. सतराव्या शतकात डच मंडळी अमेरिकेत गेली, तिथं त्यांनी न्यू ॲमस्टरडॅम वसवलं आणि आपल्याबरोबर हा शब्दही नेला. त्याच शतकात दुसरी डच मंडळी सुरतेला आली आणि त्यांनी वखार घातली. वखार आली की वखारवाले आले, वखारवाल्यांना पाव लागतो, पावाला भट्टी लागते. सुरतेत असं सांगतात की, डच निघून गेले तेव्हा ती भट्टी दोटीवाला नावाच्या पारशी गृहस्थाकडे आली. गिऱ्हाईक गेलं, भट्टी राहिली! पावात ताडी आणि अंडी, म्हणून गावातले लोक शिवेनात. तेव्हा त्यानं ताडी काढली, अंडी काढली आणि तूप, साखर, पीठ यांवर भागवलं. तीच नानखताई. दंतकथेत पिठापेक्षा साखर जास्त असते हे मला मान्य आहे. पण व्यवहार त्यात पुरेपूर आहे. भट्टीवाल्यानं समोरच्याचं सोवळं ओळखलं आणि धंदा वाचवला.

योगायोग पाहा. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इंग्रजांनी न्यू ॲमस्टरडॅम घेऊन त्याचं न्यूयॉर्क केलं. म्हणजे कुकीचं गाव आणि नानकटाईचं गाव एकाच सालात हादरलं. भवानीच्या गावचा माणूस म्हणून मी सुरतेच्या लुटीत खताईचा उल्लेख मिळतो का ते मुद्दाम पाहिलं. हिरे, मोती, सोनं सगळं सापडलं. खाऊ मात्र मावळ्यांनी आणलेला दिसत नाही.

'नान' म्हणजे फारसीत रोटी, हे कुणीही सांगेल. 'खताई'वर पंडितांची भांडणं आहेत. कुणी म्हणतात 'खता' म्हणजे चीनचा मुलूख. माझ्या आजोबांची व्युत्पत्ती वेगळी होती. ते निजामाच्या राज्यात शिरस्तेदार होते आणि मोडीइतकीच त्यांची उर्दू पक्की होती. उर्दूत 'खता' म्हणजे चूक. ते म्हणत, "रोटी करायला गेले, चुकली, तिचं हे झालं." मग दोन उचलत आणि पुढं म्हणत, "अशा चुका माणसानं वारंवार कराव्यात."

आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद, तेही शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून. हैदराबादच्या इराणी हॉटेलांत चहाबरोबर मिळतं ते गोड-खारं उस्मानिया बिस्कीटही त्याच नावाचं. उस्मानिया दवाखान्यातल्या रोग्यांसाठी ते निघालं असं सांगतात. म्हणजे एका नावानं एक जिल्हा आणि एक बिस्कीट. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं आमच्याच तालुक्यातल्या नळदुर्गात शिरली आणि पाच दिवसांत निजामी आटोपली. पुढे २०२३ साली जिल्ह्याचं पुन्हा धाराशिव झालं. बिस्कीट अजून उस्मानियाच आहे. नावं बदलण्याच्या बाबतीत चहा पिणारा माणूस सरकारपेक्षा सावकाश चालतो.

आता आमच्या घरची बखर.

तुळजापुरात नवरात्र म्हणजे घरच्या माणसाला घरात जागा नसायची. अश्विनी पौर्णिमेची यात्रा उलगडली, कवड्यांच्या माळा आणि परड्या आपापल्या गावी गेल्या, की गावाला श्वास मिळे आणि बायकांना दिवाळी आठवे. करंज्या, चकल्या घरात. नानकटाई मात्र बेकरीच्या भट्टीवर. बेकरी एका मुसलमान चाचांची होती. पाव पहाटे निघून जात, दुपारपर्यंत विटांची भट्टी निवत येई आणि ती निवती धग नानकटाईला नेमकी मानवे. पावाची आग मिळाली तर नानकटाईचा कोळसा व्हायचा. म्हणून दुपारी दोनच्या सुमाराला गावातली निम्मी पोरं डोक्यावर डबे घेऊन बेकरीपुढं रांगेत. किलोवर मजुरी ठरलेली. सामान घरचं, हात घरचे, विस्तव तेवढा चाचांचा.

आजीचं सोवळं कडक. चाचांच्या बेकरीतला पाव आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. तापातसुद्धा नाही. मग नानकटाई कशी चाले? आजीनं त्यावर शास्त्र काढलं होतं : "पीठ आपलं, तूप आपलं, अन् अग्नीला कुठं विटाळ असतो?" सुरतेच्या पारशानं जी तडजोड काढली, तीच तुळजापुरात माझ्या आजीनं उलट्या बाजूनं काढली. दोघांची गाठ पडली असती तर त्यांनी भागीत दुकान काढलं असतं.

तूप फेसण्याचं काम माझं. परातीत तूप घेऊन तळहातानं गरागरा फिरवायचं, ते पांढरं शुभ्र होईपर्यंत. आजी समोर बसे आणि मी थांबलो की म्हणे, "अजून." माझ्या उजव्या खांद्यात आज जी कळ येते तिचा इतिहास डॉक्टरांना माहीत नाही, मला आहे. मग पिठीसाखर, मैदा, वेलदोडा आणि आजीचा हट्टाचा जायफळ. रेशनवर दिवाळीची जादा साखर मिळाली तर गोडी बरी, नाही तर 'कमी गोडच चांगली' असं घराचं मत बने.

१९७० च्या दिवाळीत मी नऊ वर्षांचा होतो. डबा डालड्याचा, पिवळा. गावात निम्म्या घरांचे डबे डालड्याचेच असल्यानं आजीनं त्यावर कुंकवाचं बोट ओढून दिलं होतं. भट्टीपाशी घाम, धग आणि शेजारच्या पोराशी मारामारी यांत ते बोट पुसलं गेलं. त्यातलं किती माझ्या सदऱ्याला लागलं हे मी त्या वेळी सांगितलं नाही. डबा घरी आला. आजीनं तुळशीचं पान टाकून नैवेद्य देवीच्या टाकापुढं ठेवला, मग आजोबांना, मग आम्हांला. सगळ्यांचं एकमत झालं की, इतकी खुसखुशीत नानकटाई या घरात कधी झालेली नाही. आजी म्हणाली, "तूप नीट फेसलं गेलं यंदा." ते ऐकून माझी छाती फुगली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दारात सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई उभ्या. हातात पिवळा डबा. बाई अहमदनगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. आमच्या गल्लीतली बरीच लेकरं त्यांच्याच हातांनी जगात आलेली. माझी धाकटी बहीणसुद्धा. त्या संकोचून म्हणाल्या, "आजी, हा डबा तुमचा असावा. यात जायफळ आहे, मी घालत नाही. मला दोन दिवस वाटलं भट्टीवाल्यांनीच घातलं की काय."

घरात कुणी बोलेना. दोन्ही डबे अर्धे संपले होते.

बाई गेल्यावर ओसरीवर सभा भरली. काका औरंगाबादला कॉलेजात शिकत होता. त्याला भलताच आनंद झालेला. आजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. आजोबा अध्यक्ष. त्यांनी प्रथम साक्षी-पुरावा घेतला : कुणी किती खाल्ल्या? मी म्हणालो, "मी नुसता हात लावला." त्यावर आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला वाटलं, सदऱ्याचं कुंकू दिसलं.

ते का हसले, ते पंचहौद मिशनचं प्रकरण वाचल्यावर कळलं. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या त्या मिशनमध्ये व्याख्यानाचं बोलावणं होतं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक धरून शहरातली बडी मंडळी गेली. व्याख्यानानंतर पुढ्यात चहा आणि बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नाही. पाहुण्यांत गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी जमलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उठलं. मिशनऱ्यांच्या हातचं खाणं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. तेव्हा कित्येक थोरांनी जबानी दिली की आपण चहा प्यालो नाही, नुसता हात लावला. माझ्या बचावाला ऐंशी वर्षांची परंपरा होती! टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा सुधारकच त्यांच्यावर नाराज झाले. सनातनी आधीपासून होतेच. आणि त्याच १८९२ साली कलकत्त्यात २९५ रुपयांच्या भांडवलावर बिस्किटांचा एक छोटा धंदा निघाला. त्याची पुढं ब्रिटानिया झाली. पुण्यात बिस्किटाचं पाप धुतलं जात होतं, तेव्हा कलकत्त्यात त्याचा घाणा घातला जात होता. पन्नास वर्षांच्या आत पार्ल्यात ग्लुको बिस्किटं निघाली आणि ज्या घरांनी ग्रामण्यं केली त्या घरांतली लेकरं चहात बिस्कीट बुडवून शाळेत जाऊ लागली. शास्त्र्यांची सभा न भरताच निकाल लागला.

पण हे सगळं पुस्तकातलं. ओसरीवर माझी आजी बसली होती आणि तिच्या दृष्टीनं खरोखरच काहीतरी मोडलं होतं. काका थट्टा करायला लागला, तेव्हा आजोबांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. ते आजीला एवढंच म्हणाले, "अगं, आधी देवीनं खाल्ली. तिला चालली. अन् ज्या हातांनी आपली नात आणली, ते हात पिठाला चालत नाहीत का?"

आजी उठली, न बोलता मागल्या दारी गेली आणि दिवाळीच्या थंडीत तिनं डोक्यावरून आंघोळ केली. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि आजोबांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळातून येताना ती मला घेऊन वाट वाकडी करून दवाखान्यापाशी थांबली. आत गेली नाही. बाई बाहेर आल्या. आजीनं पहिला प्रश्न विचारला, "अंडं घातलं नव्हतं नं?"

"नाही हो आजी."

आजीनं सुस्कारा टाकला. मग जरा थांबून, आवाज खाली आणून दुसरा प्रश्न, "मग एवढी खुसखुशीत कशी झाली?"

"बेसन घालते. चार वाट्या मैद्याला एक वाटी."

आता मला कळतं त्याचं कारण. गव्हाच्या पिठात चिवट धागा धरणारं सत्त्व असतं, हरभऱ्याच्या पिठात ते नसतं. बेसन पडलं की धागा तुटतो आणि नानकटाई तोंडात विरघळते. आजीला हे कारण नको होतं. तिला प्रमाण हवं होतं. घरी येईपर्यंत ती 'चाराला एक, चाराला एक' असं जपाप्रमाणे पुटपुटत होती.

पुढल्या दिवाळीत आमच्या पिठात बेसन पडलं. भट्टीवरून डबा आला, नैवेद्य झाला आणि आजीनं एक ताटली भरून, वर क्रोशाचा रुमाल टाकून माझ्या हातात दिली. "बाईंकडे दे. म्हणावं, जायफळ कमी घातलंय." ताटली रिकामी परत आली नाही. आजीनं त्यातली स्वतः खाल्ली का, ते मी पाहिलेलं नाही. ताटली मात्र तिनं स्वतःच्या हातानं स्वयंपाकघरात नेली, एवढं पाहिलं. दोन वर्षांनी बाईंची बदली झाली. बेसन आमच्याकडे राहिलं.

हे सगळं मी नातीला फोनवर सांगितलं. इतिहास तिनं सोडून दिला आणि प्रमाण टिपून घेतलं. म्हणाली, "वहीत काय नाव लिहू? खापरपणजीची नानकटाई?"

म्हटलं, "नको. लिही : नर्सबाई, सरकारी दवाखाना, तुळजापूर."

"आणि जायफळ?"

"ते खापरपणजीचं. चिमूटभरच घाल."