बीड जिल्ह्यातील दूरस्थ मनोपचाराची वाटचाल

महाराष्ट्रातील मनोरुग्णांच्या उपचाराची शासकीय व्यवस्था दीर्घकाळ नागपूर, रत्नागिरी, येरवडा आणि ठाणे येथील चार मनोरुग्णालयांभोवती केंद्रित राहिली. ही चारही रुग्णालये ब्रिटिश अमदानीत उभी राहिली होती, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या बीड जिल्ह्यातील रुग्णाला त्यांपैकी कोणतेही जवळचे नव्हते. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाल्यावर उपचार जिल्हा पातळीवर आणण्याचे धोरण ठरले. परंतु बीडमध्ये केवळ अंतर कमी करून भागणारे नव्हते. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेतील ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावरच गावी परततात. त्यामुळे ठरावीक दवाखान्यात ठरावीक वारी येण्यावर आधारलेला कोणताही उपचार अर्ध्यावर तुटण्याचा धोका असतो.

दुरून होणाऱ्या मनोपचाराचा जगातील इतिहास या गरजेशी जुळणारा आहे. आज संगणकावरील व मोबाइलवरील उपचार म्हटले की प्रामुख्याने बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे चुकीचे विचार ओळखून ते तपासण्याची व त्यानुसार वर्तन बदलण्याची पद्धत, डोळ्यांसमोर येते. तिचे धडे आणि गृहपाठ क्रमवार मांडता येत असल्याने ती संगणकात बसवणे सोपे गेले. तिच्या या प्रसारापूर्वीच मात्र दुसरी परंपरा रुजलेली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये अनिर्देशक समुपदेशनाची, म्हणजे सल्ला न देता समोरच्याचे बोलणे समजून घेऊन त्याला स्वतःचा मार्ग शोधू देण्याची, मांडणी केली. १९५३ मध्ये चॅड व्हारा यांनी लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली, जिच्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था वाढली. आणि १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘एलायझा’ या संगणकीय संवादप्रणालीने रॉजर्स यांच्या शैलीचीच नक्कल केली होती. पुढे आंतरवैयक्तिक उपचार, जो नातेसंबंधांतील ताण, वियोग आणि भूमिकाबदल यांवर भर देतो, तसेच समस्या-निराकरण उपचार, ज्यात अडचणींचे तुकडे करून त्यांवर व्यवहार्य पर्याय शोधले जातात, हेही दूरध्वनी व इंटरनेटवरून देण्याचे प्रयत्न झाले.

मराठी मुलखात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये मुंबईत ‘आयकॉल’ ही सेवा सुरू करून दूरध्वनीबरोबर ई-मेलद्वारेही समुपदेशन उपलब्ध केले. शेजारच्या गोव्यात ‘संगात’ संस्थेने प्रत्यक्ष भेटीतील समुपदेशनाच्या प्रयोगांतून दाखवून दिले की वर्तन-सक्रियता, म्हणजे खचलेल्या व्यक्तीला अर्थपूर्ण कामांकडे टप्प्याटप्प्याने परत नेणारी पद्धत, प्रशिक्षण घेतलेले बिगर-तज्ज्ञ समुपदेशकही परिणामकारकपणे वापरू शकतात. मनोविकारतज्ज्ञांची वानवा असलेल्या मराठवाड्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा होता.

बीडमध्ये या विचाराला शासकीय रूप आले ते शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर. २०१५ मध्ये राज्य शासनाने मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आखला, ज्यात आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे असलेल्या व्यक्ती ओळखायच्या, १०४ या क्रमांकावरून दूरध्वनी समुपदेशन मिळायचे आणि गंभीर रुग्णांना रुग्णालयाकडे पाठवायचे, अशी साखळी होती. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केल्यावर डॉक्टरांच्या दुरून होणाऱ्या सल्ल्याला स्पष्ट नियमांची चौकट मिळाली, आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी देशभर ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची चोवीस तास चालणारी सेवा सुरू झाली. महाराष्ट्रातील तिच्या कक्षांसाठी पुणे व ठाणे यांच्या जोडीला बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईची निवड झाली. ज्या जिल्ह्यातील रुग्णाला एकेकाळी उपचारासाठी दूरचे शहर गाठावे लागत असे, त्याच जिल्ह्यातून इतर ठिकाणच्या लोकांनाही आधार मिळू लागला. या सेवेत प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलणे ऐकून घेतो, ताण हलका करण्यास मदत करतो, आणि गरज भासल्यास तज्ज्ञाकडे किंवा जिल्हा कार्यक्रमाकडे जोडून देतो. म्हणजेच तिचा पहिला टप्पा गृहपाठाच्या उपचारापेक्षा ऐकण्याच्या जुन्या परंपरेला अधिक जवळचा आहे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. घरात एकच मोबाइल असेल आणि तो पुरुषाच्या हाती असेल, तर स्त्रीला मोकळेपणाने बोलता येत नाही; उसाच्या फडावरील कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, एकांत मिळत नाही; आणि कर्ज, उचल, नापिकी यांतून आलेले दुःख समुपदेशनाने सोसवेल, पण त्याचे कारण दूर होणार नाही. तरीही वाचता-लिहिता न येणाऱ्या आणि वर्षातील अनेक महिने गावाबाहेर राहणाऱ्या माणसापर्यंत ॲपवरील धड्यांपेक्षा ओळखीच्या भाषेतील आवाज अधिक सहज पोहोचतो. म्हणून बीडमधील दूरस्थ मनोपचाराचे यश ॲपच्या संख्येवरून मोजणे चुकीचे ठरेल. फोन उचलणारा प्रशिक्षित माणूस, गावातील आशा आणि जिल्ह्यातील तज्ज्ञ यांच्यातील दुवा हंगामभर टिकतो की नाही, हाच त्याचा खरा निकष आहे.