ऑटोमॅटिक गाडीचा काटा शून्यावर, गिअर अडकला? गिअरबॉक्स खोलण्याआधी स्पीड सेन्सर तपासा

पुसेगाव (ता. सेनगाव) : हिंगोलीकडून येताना गाडी साठच्या वेगात आहे आणि मीटरचा काटा एकदम शून्यावर पडतो. मग गाडी झटके खाते, वरचा गिअर पडतच नाही, इंजिन नुसतं ओरडतं. क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीत असं झालं की गॅरेजवर पहिला शब्द निघतो, 'गिअरबॉक्स गेला'. ऐकूनच मालकाच्या पोटात गोळा येतो. पण पुष्कळदा दोष स्पीड सेन्सरचा किंवा त्याच्या वायरीचा असतो आणि त्याचा खर्च गिअरबॉक्सच्या मानाने किरकोळ असतो.

साध्या गाडीत गिअर कधी टाकायचा हे चालक ठरवतो. सेन्सर बिघडला तर मीटर बंद पडतं, गाडी चालत राहते. ऑटोमॅटिकमध्ये हे काम कॉम्प्युटर करतो आणि त्याला वेग कळलाच नाही तर तो गाडी एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो. याला 'लिंप मोड' म्हणतात. २०१४ मध्ये सेलेरिओ एएमटी आली, तेव्हापासून स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या. त्यातल्या जुन्या आता सेकंडहँड होऊन गावाकडे येतात, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

आधी बघा, मीटरवर कोणते दिवे लागलेत. इंजिनच्या दिव्यासोबत एबीएसचा दिवाही लागला असेल, तर संशय चाकाजवळच्या सेन्सरवर जातो. बऱ्याच नव्या गाड्यांत गिअरबॉक्सवर वेगळा स्पीड सेन्सर नसतोच, वेग चाकांच्या एबीएस सेन्सरवरून घेतला जातो. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. जुन्या गाडीत सेन्सर सहसा गिअरबॉक्सवरच बसवलेला असतो.

दुसरी गोष्ट स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो लावून कोड वाचून घ्या. पी-०५०० म्हणजे गाडीच्या वेगाचा सिग्नल नाही, पी-०५०३ म्हणजे सिग्नल मधूनमधून तुटतो, पी-०७२० म्हणजे गिअरबॉक्सच्या आउटपुट सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. इथेच लोक फसतात. कोड 'सिग्नल येत नाही' एवढंच सांगतो, 'सेन्सर बदला' असं सांगत नाही. मोबाईलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरही मिळतात, पण त्यातले बरेच फक्त इंजिनचे कोड दाखवतात, एबीएस आणि गिअरबॉक्सचे नाही.

आता स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून गाडी हळू चालवा. स्क्रीन शेजारी बसलेल्याने बघावी, चालकाने नव्हे. मोबाईलच्या जीपीएसवर वेग ताडून घ्या. मीटर दोन-चार किलोमीटर जास्त दाखवत असेल तर ते सामान्य आहे. स्कॅनरवर वेग बरोबर येतो पण काटा शून्यावर, तर दोष मीटरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. दोन्हीकडे शून्य असेल तर सेन्सर, वायर किंवा दात्यांची रिंग बघायची.

आपल्याकडे सगळ्यात आधी वायर बघावी. बरेच दिवस उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. पावसाळ्यात काळी माती चाकाच्या आत थापली जाते, कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. सेन्सर काढून त्याचं टोक बघा. चुंबकामुळे त्यावर लोखंडाचा कीस चिकटतो. पुसला की कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. रिंगचा दाता तुटला असेल तर मात्र नवा सेन्सर घालूनही फरक पडणार नाही.

मग मल्टिमीटर. तीन वायरींच्या हॉल सेन्सरला इग्निशन ऑन केल्यावर एका वायरीत ५ किंवा १२ व्होल्ट यायला हवेत, अर्थही पक्की हवी. जॅक आणि स्टँडवर गाडी नीट टेकवून चाक हाताने फिरवलं की सिग्नलच्या वायरीवर व्होल्टेज वर-खाली होतं. सप्लाय, अर्थ, वायर, रिंग सगळं ठीक आणि तरी सिग्नल नाही, तेव्हाच सेन्सर बदला. बॅटरी कमजोर असतानाही खोटे कोड पडतात, म्हणून तिचं व्होल्टेज आधीच मोजलेलं चांगलं.

गाडी रस्त्यातच अडकली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणू नका. ऑटोमॅटिकची इंजिनने फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढली, तर चांगला गिअरबॉक्सही खराब होऊ शकतो. ती चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रॉलीवर चढवूनच न्यावी. लिंप मोडमध्ये गाडी चालत असेल तर हळू चालवा आणि ओव्हरटेक टाळा, कारण ऐनवेळी ओढ मिळत नाही.