ढवळ्याचा डोळा

वसुबारसेला गाईच्या कपाळी कुंकू लावताना माझी नजर आधी तिच्या पापणीकडे जाते. घरातली मंडळी हसतात. पण त्याला कारण आहे. मी दहा वर्षांचा असताना आमच्या ढवळ्याच्या डाव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका उठला. दोन वर्षांत त्याचा मांसाचा गोळा झाला, माश्या घोंगावू लागल्या, आणि बैल गेला. वडिलांनी औतावर एकदा रागाच्या भरात त्याच्या तोंडावर चाबूक ओढला होता. "माझ्या हातानं त्याचा डोळा गेला," हे त्यांनी मरेपर्यंत मनातून काढले नाही.

पुढे एका कादंबरीसाठी गुराढोरांविषयी वाचीत असताना मला हेरफर्ड गाईंची हकीकत सापडली. ही इंग्लंडातली जात. अंग तांबडे, तोंड पांढरेशुभ्र. 1817 साली हेन्री क्ले नावाच्या पुढाऱ्याने यांतली काही जनावरे अमेरिकेत केंटकीला आणविली. ढगाळ आभाळाखाली वाढलेले ते कूळ पुढे टेक्सासच्या उघड्या माळावर पोहोचले, आणि तेथे त्यांच्या डोळ्यांत असेच गोळे दिसू लागले. गुराखी त्याला 'कॅन्सर आय' म्हणतात. पांढऱ्या पापणीला रंगाचे कवच नसते. उन्हातले अतिनील किरण कातडीला थेट भाजतात. पापणीभोवती तांबडा रंग असलेल्या गाई पुष्कळ अंशी वाचतात, आणि तो रंग आईबापांकडून वासरांत उतरतो.

पण एकाच कळपात, एकाच उन्हात, एकीला रोग होतो आणि शेजारणीला होत नाही, हे कसे? येथे विषाणूंचा संशय आला. त्याची कथा मात्र गाईपासून नव्हे, कोंबडीपासून सुरू होते. 1908 साली कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बांग यांनी कोंबड्यांचा रक्ताचा कर्करोग पेशी गाळून काढलेल्या द्रवानेही पसरतो असे दाखविले. 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीबाबत तेच सिद्ध केले. फारसे कोणी मनावर घेतले नाही. त्यांना नोबेल मिळाले ते 1966 साली, वयाच्या 87 व्या वर्षी! पंचावन्न वर्षे, एवढ्यात माणसाला नोकरी लागून पेन्शनही खाऊन होते. मध्यंतरी 1933 मध्ये रिचर्ड शोप यांनी रानसशांच्या अंगावरचे शिंगासारखे चामखीळ विषाणूमुळे होतात हे शोधले, आणि त्या चामखिळांचा पुढे कर्करोग होतो हे राऊस यांनीच दाखविले.

गाईच्या डोळ्याचा तपास मात्र अजून पुरा झालेला नाही. 1969 मध्ये डोळ्यांतल्या गाठींतून नागीण-कुळातला एक विषाणू मिळाला. पण तो गुरांत एरवीही आढळतो. चोरी झाली त्या गल्लीत उभा होता, एवढ्याने कोणी चोर ठरत नाही. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना डोळ्यावरच्या सुरुवातीच्या चट्ट्यांत आणि चामखिळांत चामखिळीचा विषाणू आढळला. ढवळ्याच्या कणीएवढ्या ठिपक्याची मला तेव्हा आठवण झाली. पुढे 1992 मध्ये पुऱ्या वाढलेल्या गाठींत त्याच विषाणूच्या खुणा शोधल्या, त्या मिळाल्या नाहीत.

मग तो निर्दोष सुटला काय? मला तसे वाटत नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात नेचे खाणाऱ्या गुरांना अन्ननलिकेचा कर्करोग होतो. ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांनी 1978 मध्ये दाखविले की त्याचा आरंभ विषाणूच्या चामखिळीतून होतो, आणि नेच्यातले विष पुढचे काम करते. तेथेही वाढलेल्या गाठीत विषाणू बहुधा सापडत नाही. आग लावणारा वणवा पेटेपर्यंत थांबत नाही, तसेच हे. डोळ्याच्या बाबतीत नेच्याच्या जागी ऊन असेल काय, एवढा प्रश्न उरतो. उन्हाचा गुन्हा शाबीत आहे, विषाणूचा नाही.

ढवळ्याला हाच रोग होता असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्याची गाठ कोणी तपासली नाही. पण त्याच्या पापण्या काळ्या नव्हत्या, गुलाबी होत्या, हे मला स्पष्ट आठवते. आणि मी वाचलेल्या कागदांत कोठेही चाबकाच्या एका फटक्याला आरोपी केलेले नाही.

हे मला कळले तेव्हा वडील जाऊन सहा वर्षे झाली होती. चाबूक अजून माळ्यावर आहे. ढवळ्या गेल्यावर त्यांनी तो पुन्हा हाती धरला नाही.