दत्तक गेलेला मदरबोर्ड

मदरबोर्डचं कुळ ओळखायचं असेल तर त्याच्या स्क्रूची भोकं बघावीत. हल्लीच्या छोट्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये बसणारा मिनी-आयटीएक्स बोर्ड फुटपट्टीने मोजला तर १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद भरतो. पोळपाटावर जेमतेम मावेल एवढा. त्याला चार भोकं असतात आणि ती १९९५ सालच्या एटीएक्स या मोठ्या बोर्डाच्या भोकांपैकी चारांशी तंतोतंत जुळतात. म्हणजे धाकट्याने चूल वेगळी मांडली, पण देवक तेच ठेवलं.

स्वभाव मात्र घराण्याचा नव्हता. हा बोर्ड जन्माला आला तो मिताहारी, थंड डोक्याच्या चिपसाठी. पुढे त्याला दत्तक घेतलं ते सगळ्यात तापट घराने, म्हणजे गेम खेळणाऱ्यांनी. छोटा गेमिंग पीसी जुळवताना आज जी डोकेफोड करावी लागते, तिचं मूळ या दत्तकविधानात आहे.

मूळपुरुष म्हणजे आयबीएमचा १९८१ सालचा पीसी. त्याचा ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्याच्या डोक्यावर हीटसिंकसुद्धा नसे. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, ६३.५ वॅटचा. अख्ख्या पेटीत पंखा एकच, तोही एसएमपीएसच्या पोटात. जाता जाता तो पेटीतली हवाही ओढून बाहेर टाकायचा. हवेचा वेगळा विचार करायची कोणाला गरजच पडली नाही. तुलनेला सांगायचं तर २०२२ मध्ये आलेलं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटं ४५० वॅट खातं. मूळपुरुषाच्या सात घरांचा शिधा एका ताटात.

नव्वदच्या दशकात प्रोसेसर तापू लागले आणि हवेवरून पहिली चूक झाली. इंटेलने एटीएक्सची मापं ठरवली तेव्हा मूळ कल्पना अशी होती, की एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत घ्यावी आणि थेट प्रोसेसरवर सोडावी. एका पंख्यात दोन कामं. पण ती हवा आधी एसएमपीएसमधून गरम होऊन यायची, म्हणजे तापलेल्याला फुंकर घालायची ती चुलीपुढे बसून. शेवटी कंपन्यांनी पंखा उलटा फिरवला. एसएमपीएस पुन्हा हवा बाहेर टाकू लागला आणि प्रोसेसरला स्वतःचा पंखा मिळाला.

दुसरा प्रयत्न जास्त विचारपूर्वक होता. २००४ च्या सुमाराला पेंटियम ४ शंभर वॅटच्या पुढे गेला तेव्हा इंटेलने बीटीएक्स ही नवी मांडणी आणली. पुढून मोठ्या पंख्याने हवा घ्यायची. ती आधी प्रोसेसरवरून, मग तशीच सरळ चिपसेट आणि ग्राफिक्स कार्डाकडे न्यायची आणि मागून सोडायची. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजा आणि परसदार एका रेषेत असलं की वारा कसा आरपार वाहतो, तसं. कागदावर ही मांडणी उत्तम होती. पण तिला नवी कॅबिनेट लागत, नवे बोर्ड लागत. जुनी भोकं तिने सोडली होती. तेवढ्यात २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला, मुख्य प्रोसेसर ६५ वॅटवर उतरले आणि गरजच संपली. इंटेलने त्याच वर्षी बीटीएक्सचा नाद सोडला. सरळ वाऱ्याची कल्पना मात्र मेली नाही. ती वेगळ्या घरात पुन्हा जन्मली.

ते घर तैवानचं, बीटीएक्सच्या आधीच उभं राहिलेलं. व्हिया या कंपनीने २००१ च्या अखेरीस मिनी-आयटीएक्स जाहीर केला आणि पुढच्या वर्षी एपिया नावाचे बोर्ड बाजारात आणले. त्यांच्यावर व्हियाचेच प्रोसेसर झाळून बसवलेले होते. ५३३ मेगाहर्ट्झच्या एका प्रकाराला तर पंखाही लागत नसे. वेग बेताचा, भूक त्याहून बेताची. हौशी लोकांनी हे बोर्ड टोस्टरमध्ये, सिगारच्या पेट्यांमध्ये, खेळण्यांमध्ये बसवले. गेम खेळण्याचा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

छोट्या पेटीत गेम खेळता येतो हे दाखवलं ते तैवानच्याच शटल या कंपनीने. तेव्हा मित्राच्या घरी आपापला कॉम्प्युटर उचलून न्यायचा, एका नेटवर्कवर जोडायचा आणि रात्रभर खेळायचं, याला अमेरिका-युरोपात लॅन पार्टी म्हणत. टॉवर उचलून माणूस दमायचा. शटलची एक्सपीसी नावाची ॲल्युमिनियमची चौकोनी पेटी काखेत मारून नेता यायची. तिचा बोर्ड मापाने वेगळा, म्हणजे चुलत घराण्यातला. पण २००२ पर्यंत तिच्यात पेंटियम ४ आणि ग्राफिक्स कार्डाची खाच दोन्ही आली होती.

एवढ्याशा पेटीत पेंटियम ४ थंड कसा ठेवला? शटलने प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसवलाच नाही. तिथून तांब्याच्या नळ्या निघून मागच्या भिंतीपाशी पत्र्यांच्या गठ्ठ्यात शिरायच्या आणि तिथला ८० मिलिमीटरचा एकच पंखा ते पत्रे गार करता करता पेटीतली हवाही बाहेर काढायचा. एका पंख्यात दोन कामं, या वेळी बरोबर दिशेने. या नळीला हीट पाइप म्हणतात. तिच्यात थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे तिचं पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं ते परत येतं. जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांच्या नावावर याचं १९४४ चं पेटंट आहे, पण ते तसंच पडून राहिलं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली, अंतराळातल्या वीजयंत्रणांसाठी. आज ती बहुतेक दमदार ग्राफिक्स कार्डांच्या पोटात आहे.

प्रत्यक्ष दत्तकविधान २००९ च्या आसपास झालं. १७ सेंटिमीटरच्या बोर्डावर ग्राफिक्स कार्डासाठी पूर्ण लांबीची पीसीआय एक्स्प्रेस खाच आणि हवा तो इंटेल प्रोसेसर बसवता येऊ लागला. बोर्डावर खाच एकच मावते. गेम खेळणाऱ्याला कार्डही एकच लागतं. गोत्र जमलं. एसएमपीएसही असाच दत्तक आला. इंटेलने १९९७ मध्ये घर-ऑफिसच्या छोट्या पीसीसाठी एसएफएक्स हे माप ठरवलं होतं: १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटर. नेहमीच्या एसएमपीएसपेक्षा हा जवळपास एक लिटर कमी जागा घेतो. आज त्याच मापात ७५० वॅट आणि त्याच्याही वर मिळतात.

मग पेटी आकसू लागली. २०१३ मध्ये दोन हौशी लोकांनी लोकवर्गणीतून एनकेस एम१ ही १२.६ लिटरची पेटी बनवून घेतली. २०१६ मध्ये जर्मनीतून डॅन ए४ आली, फक्त ७.२ लिटरची. तिच्यात बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि मधल्या पत्र्यावरून रायझर नावाची चपटी केबल त्यांना जोडते. यातली खरी गंमत हवेची. प्रोसेसरला डाव्या भिंतीच्या जाळीतून स्वतःची गार हवा मिळते, कार्डाला उजव्या. एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या नाकात जात नाही. बीटीएक्सला जो सरळ वारा हवा होता तो इथे दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून आला, आणि स्क्रूची जुनी भोकं तशीच राहिली.

लिटर कमी झाले म्हणून हवा कमी लागत नाही. हिशेब सोपा आहे. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅमची. ती १० अंशांनी तापली तर १२ ज्यूल उष्णता घेऊन जाते. कॉम्प्युटर ४०० वॅट खात असेल तर सेकंदाला ४०० ज्यूल बाहेर न्यायचे, म्हणजे सेकंदाला ३३ लिटर हवा. दहा लिटरच्या पेटीतली सगळी हवा दर सेकंदाला तीनदा बदलायची. मोठ्या टॉवरलाही एवढीच हवा लागते. फक्त तिथे ती रमतगमत गेली तरी चालतं, इथे वाटेत थांबायला जागा नसते.

म्हणून वस्तू निवडताना क्रम महत्त्वाचा. आधी कार्ड ठरवावं. त्याची लांबी आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी, मग पेटी बघावी. प्रोसेसरच्या कूलरची उंचीही तशीच मोजावी. डॅन ए४ मध्ये ४८ मिलिमीटरच्या वर काही मावत नाही. कार्डाची हवा कुठून निघते हेही विचारावं. २०२० च्या आरटीएक्स ३०८० पासून एनव्हिडिया कंपनीच्या स्वतःच्या बहुतेक कार्डांत निदान एक पंखा हवा पत्र्यांतून आरपार पाठीमागे सोडतो. टॉवरमध्ये ती युक्ती छान चालते. पण पाठीशी पत्रा असलेल्या पेटीत तोच पंखा भिंतीवर डोकं आपटत बसतो. पंखा निवडताना आकार जेवढा मोठा मावेल तेवढा घ्यावा: १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड ८० वाल्याच्या सव्वादोन पट असतं, त्यामुळे तेवढीच हवा तो सावकाश, कमी आवाजात देतो. आणि कमाल वेग थोडा सोडायची तयारी ठेवावी. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो, म्हणून व्होल्टेज थोडं उतरवलं तर खेळात फारसा फरक कळत नाही, उष्णतेत कळतो.

माझा भाचा नागपूरला असतो. मे महिन्यात फोन आला, "मामा, पेटी विमानासारखी ओरडते." पेटी दहा लिटरची. परदेशातले आकडे वाचून त्याने ती जुळवली होती; पण तिकडच्या २२ अंशांच्या खोलीत जे ७० दाखवतं ते इथल्या ३८ अंशांच्या खोलीत ८६ दाखवणार, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी गेलो तेव्हा सगळे पंखे चालू ठेवून एक उदबत्ती लावली. डाव्या जाळीपाशी धूर झपकन आत ओढला गेला. वरच्या जाळीतून बाहेर आला, शोकेसच्या फळीला आपटला, वळला आणि खाली उतरून उजव्या जाळीतून परत आत शिरला. पेटी कप्प्यात ढकलून ठेवलेली होती. कार्ड स्वतःचीच शिळी हवा पीत होतं. आम्ही ती उचलून टेबलावर ठेवली. दोन मिनिटांत पंखे खाली आले आणि बाहेरच्या कूलरचा आवाज ऐकू येऊ लागला.

गेल्या दिवाळीत त्याने नवा बोर्ड घेतला आणि जुना मला दिला. माझ्या माळ्यावर वीस वर्षांपूर्वीचं टॉवर कॅबिनेट पडून होतं. धूळ झटकली, बोर्ड आत धरला. भल्या मोठ्या पत्र्यावर तो कोपऱ्यात, पाहुण्यासारखा. स्क्रू लावून बघितले. चारही बसले.