दिव्यांग मुलाच्या संगोपनाचा खर्च : कोलकात्यातील चित्र

दिव्यांग अपत्याच्या संगोपनाचा आर्थिक भार दुहेरी असतो. एकीकडे उपचार, साधने, प्रवास आणि विशेष शिक्षण यांवरील खर्च वाढतो. दुसरीकडे मुलाच्या देखभालीसाठी आई-वडिलांपैकी एकाला, बहुधा आईला, नोकरी सोडावी लागते आणि घरात येणारा पैसा घटतो. शासकीय योजना पहिल्या भाराची अंशतः दखल घेतात, दुसऱ्याची जवळजवळ घेतच नाहीत.

या प्रश्नाचा विचार करण्यास कोलकाता हे योग्य ठिकाण आहे, कारण येथे संस्थांचा तुटवडा नाही. मूकबधिरांची शाळा १८९३ मध्ये, तर बेहाला येथील अंधशाळा १८९७ मध्ये लालबिहारी शाह यांनी सुरू केली. मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, सुधा कौल यांच्या पुढाकाराने पूर्व भारतासाठी तशीच संस्था कोलकात्यात उभी राहिली. तारातला येथील आजची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी’ ती हीच. शहराच्या उत्तरेस बनहुगली येथे १९७८ पासून केंद्र सरकारचे राष्ट्रीय गतिशील दिव्यांगजन संस्थान आहे. मुंबईच्या अली यावर जंग वाक् व श्रवण संस्थेचे पूर्व विभागीय केंद्रही तेथेच आहे.

या शासकीय संस्थांतील शुल्क नाममात्र असते. खर्च होतो तो तेथवर पोहोचण्यात. दक्षिण चोवीस परगण्यातील कॅनिंगहून निघालेल्या आईला मुलाला घेऊन लोकलने सियालदह गाठावे लागते आणि तेथून बसने वा टॅक्सीने बनहुगलीला जावे लागते. फिजिओथेरपी एकदा करून भागत नाही; ती वर्षानुवर्षे, नियमितपणे व्हावी लागते. मूल दोन वर्षांचे असेपर्यंत त्याला कडेवर घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढता येते. तेच दहा वर्षांचे झाले, की टॅक्सीवाचून गत्यंतर नसते आणि सोबतीला दुसरे माणूसही लागते. त्या दिवसाची दोघांची मजुरी बुडते. अनेक मुलांचे उपचार खंडित होण्याचे कारण शुल्कात नव्हे, या हिशेबात सापडते.

मध्यमवर्गीय घरांचा हिशेब निराळा. आई-वडील दोघेही नोकरी करत असतील, तर कोलकात्यात ठिकठिकाणी असलेल्या ‘आया सेंटर’मधून बारा तासांच्या पाळीने आया ठेवली जाते. हा खर्च वैद्यकीय बिलात दिसत नाही, विम्यातून मिळत नाही आणि मूल मोठे होईल तसा कमी होण्याऐवजी वाढतो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, व दिव्यांग अपत्यासाठी तिची वयोमर्यादा २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. खासगी क्षेत्रातील वा घरकाम करणाऱ्या स्त्रीला असा आधार नाही.

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी या अडचणीची नेमकी फोड केली आहे. अपंगत्वामुळे कमाई घटते, हा एक तोटा. आणि हाती असलेल्या पैशातून इतरांइतके चांगले जगणे साधता येत नाही, हा दुसरा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या ग्रंथात त्यांनी वीब्के कुक्लिस यांचे ब्रिटनविषयीचे संशोधन उद्‌धृत केले आहे. तेथे १७.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत राहत होते. दिव्यांग सदस्य असलेल्या कुटुंबांत हे प्रमाण २३.१ टक्के होते. आणि अपंगत्वामुळे पैशाची उपयुक्तता किती घटते हे हिशेबात धरताच ते ४७.४ टक्क्यांवर गेले. समृद्ध देशातील हे आकडे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या तुलनेत मिळणारी मदत तुटपुंजी आहे. केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन दरमहा ३०० रुपये असून ते १८ वर्षांपुढील व्यक्तींसाठी आहे, म्हणजे मुलांना ते मिळतच नाही. पश्चिम बंगालची ‘मानबिक’ योजना २०१८ मध्ये दरमहा १,००० रुपयांनी सुरू झाली. महाराष्ट्राने २०२५ मध्ये दिव्यांगांचे अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये केले. कोणत्याही योजनेसाठी प्रमाणपत्र हवे. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील केवळ २८.८ टक्के दिव्यांगांकडे ते होते.

साधनांसाठी १९८१ पासून केंद्राची ‘एडिप’ योजना आहे. मोठ्या माणसाला तेच साधन तीन वर्षांनी पुन्हा मिळते. वाढत्या वयाच्या मुलाचे कॅलिपर लवकर तोकडे पडते, म्हणून बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची ठेवली आहे. नियम करणाऱ्याने येथे मुलाकडे पाहिले होते, असे म्हणता येईल.

विम्याबाबत तसे म्हणता येत नाही. राज्याची ‘स्वास्थ्य साथी’ योजना पाच लाखांपर्यंत संरक्षण देते, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. सेरेब्रल पाल्सी वा स्वमग्नता असलेल्या मुलाचा बहुतांश खर्च मात्र दाखल न होताच होतो. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही विचारात घेते. तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे.

प्राप्तिकर कायद्यानुसार पालकांना ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ती नाही. आणि ज्याला करच भरावा लागत नाही, त्या कॅनिंगच्या मजुराला तिचा उपयोग नाही.

दुर्मीळ आजारांत तर सगळेच हिशेब कोलमडतात. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवरील रिसडिप्लाम या औषधाच्या एका बाटलीची किंमत सुमारे सहा लाख रुपये होती, तर शासकीय साहाय्याची कमाल मर्यादा ५० लाख. कोलकात्याचे एसएसकेएम रुग्णालय (आयपीजीएमईआर) हे या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने व नंतर सर्वोच्च न्यायालयाने पेटंटधारक कंपनीला मनाई हुकूम नाकारल्यावर नॅटको या भारतीय कंपनीने हेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणले. औषध आयुष्यभर घ्यावे लागत असल्याने ही रक्कमही पुन्हा पुन्हा उभी करावी लागणार आहे.