पोथी, पाटी आणि श्रोते

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवू पाहणाऱ्या पालकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : वाचन-लेखन घरी जमेल, पण चारचौघांत बोलायला मूल कुठे शिकणार? प्रश्न रास्त आहे, मात्र नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तरी त्यानंतरही कित्येक वर्षे बहुतेक मुलींना शाळेचा उंबरठा पारखाच राहिला. ज्या थोड्या शिकल्या, त्यांतल्या काही घरातच शिकल्या. अशा दोन रमाबाईंची शिक्षणे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्या माउलीने ते लेकीला दिले. पहाटे पाखरे किलबिलू लागण्याच्या वेळी झोपाळू मुलीला लाडाने उठवून धडे चालत. पुस्तक नव्हते, आईच्या मुखातून आलेला श्लोक हाच पाठ. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत हिंडले आणि देवळांच्या आवारात पुराणे वाचून गुजराण करू लागले. म्हणजे उच्चार, पाठांतर आणि अनोळखी श्रोत्यांपुढे उभे राहण्याची सवय या तिन्ही गोष्टी या मुलीला एकदमच लाभल्या. दुष्काळात आईवडील गेले. 1878 साली, विशीतल्या रमाबाईंनी कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या. त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक आले ते 1882 साली. आधी कान, मग वाणी, शेवटी लेखणी.

रमाबाई रानडे यांचा क्रम नेमका उलटा. 1873 साली लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि अक्षरओळखही नव्हती. वयाने वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या न्यायमूर्तींनी शिकवायला सुरुवात केली. मराठीनंतर इंग्रजीही आली. पण घरातील वडीलधाऱ्या बायकांचा या शिकण्याला कडवा विरोध होता. रमाबाईंनी तो मुकाट्याने सोसला. जिथे शिकणे हाच अपराध, तिथे मोकळ्या गळ्याने बोलण्याचा सराव कुठून व्हावा? पाटी होती, पुस्तक होते, गुरूही होता. नव्हते ते श्रोते.

ते पुढे मिळाले. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला आणि रमाबाई रानडे त्यात सामील झाल्या. स्त्रियांनी स्त्रियांपुढे बोलावे, अशी जागा त्यांना लाभली. 1904 साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद रमाबाई रानडे यांनी भूषवले, आणि 1910 साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहून मराठी आत्मचरित्राला एक मोलाचे पुस्तक दिले.

यावरून घरचे शिक्षण श्रेष्ठ ठरते काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. एकीला विद्वान वडील लाभले, दुसरीला विद्वान पती; दोन्ही घरे ब्राह्मणांची. ज्यांच्या घरात पोथीच नव्हती, किंवा जिला हात लावण्याची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी घर ही शाळा कधीच होऊ शकली नाही. ही उणीव या दोघींनी चांगलीच ओळखली होती. पंडिता रमाबाईंनी 1889 साली शारदा सदन उघडले. 1909 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाची धुरा रमाबाई रानडे यांनी वाहिली. घरी शिकलेल्या बायकांनीच इतरांसाठी घराबाहेरची दारे उघडली.

आज हौसेने घरी शिकवणाऱ्यांनी या इतिहासातून एवढे जरूर घ्यावे : मुलाला रोज मोठ्याने वाचून दाखवावे, त्याच्याकडून ऐकावे, लिहवून घ्यावे, पण अधूनमधून त्याला अशा माणसांपुढे उभे करावे, जी त्याच्यावर माया करण्यास बांधलेली नाहीत. वाणीची परीक्षा तिथे होते, आणि तिचे शिक्षणही तिथेच पुरे होते.